लेकी बोले, सुने लागे : जॉर्जियाचा सिनेमा कसा पाहावा

आपल्याकडे 'जॉर्जिया' म्हटलं की हल्ली दोन गोष्टी आठवतात. एक अमेरिकेतलं राज्य, आणि दुसरा शेजारच्या काकूंचा मुलगा जिथे एमबीबीएस करायला गेलाय तो देश. आपल्याला हा दुसरा हवा आहे. काळा समुद्र आणि कॉकेशसचे डोंगर यांच्या बेचक्यातला, चाळीस लाखांहून कमी वस्तीचा. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून याहून जास्त माणसं राहतात. राजधानी तिबिलिसी, लिपी जिलेबीच्या वळणाची, आणि भाषा अशी की शेजारच्या रशियनशी तिचं काही नातं नाही.

एवढ्याशा देशाने शंभर वर्षांत जो सिनेमा केला त्याबद्दल बोलताना जाणकार मंडळी 'काव्यात्म', 'रूपकात्मक' असले शब्द टाकतात आणि ऐकणारा घाबरून दुसरं काहीतरी बघायला लागतो. खरं तर मराठी माणसाला हा सिनेमा समजायला एक म्हण पुरते. लेकी बोले, सुने लागे. ज्याला सुनवायचंय त्याला तोंडावर बोलायची सोय नाही, म्हणून भलत्यालाच बोलायचं. जॉर्जियाच्या सिनेमात लेक म्हणजे द्राक्षाचा वेल, ऑफिसातली फाइल, बागेत सापडलेलं प्रेत. सून म्हणजे मॉस्को. फरक एवढाच की आपल्या म्हणीत बोलणारी सासू वरचढ असते, इथे सून वरचढ होती.

ही वेळ का आली ते थोडक्यात. १८०१ पासून जॉर्जिया रशियन साम्राज्याच्या पोटात जाऊ लागला. १९१८ ते १९२१ अशी तीन वर्षं तो स्वतंत्र राहिला, मग लाल सैन्य आलं आणि पुढची सत्तर वर्षं सोव्हिएत संघात गेली. चित्रपटाचा पैसा सरकारचा. पटकथा आधी तिबिलिसीत वाचली जायची, मग मॉस्कोत, आणि तयार झालेला चित्रपट पुन्हा दोन्हीकडे बघितला जायचा. आवडला नाही तर बंदीचा हुकूम निघेलच असं नाही, तो नुसता फडताळात जाऊन पडायचा. तेव्हाचे सोव्हिएत चित्रपटवाले खरंच तसंच म्हणत, फडताळात गेला. या व्यवस्थेचा एक फायदाही होता, तो सांगायला लोक संकोचतात : तिकीट खिडकीची चिंता नव्हती. गल्ला जमला नाही म्हणून कुणाचा पुढचा चित्रपट अडत नसे, साहेबांना अर्थ लागला तर अडे. त्यामुळे सगळी हुशारी एकाच कामाला लागली. साहेबांना कळू नये आणि गल्लीतल्या माणसाला कळावं.

तिरकं बोलण्याची सवय तिथे सिनेमाच्याही आधीची आहे. जॉर्जियात 'सुप्रा' नावाची मेजवानी असते. एक जण तिचा सूत्रधार, त्याला 'तामादा' म्हणतात. तो एकामागून एक प्याले उचलतो, पाहुण्यांसाठी, मेलेल्यांसाठी, शांततेसाठी, आईसाठी, आणि प्रत्येक वेळी छोटंसं भाषण करतो. चांगला तामादा मेलेल्या आजोबांबद्दल बोलता बोलता समोर बसलेल्या नातवाला असा चिमटा काढतो की टेबलावरच्या सगळ्यांना समजतं. मग गाणं सुरू होतं, तीन आवाज तीन वेगळ्या वाटांनी. या बहुस्वरी गाण्याला युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात घेतलंय. तिथल्या चित्रपटात मेजवानीचा प्रसंग आला की मी कान टवकारतो. गोष्टीचा खरा मुद्दा बहुतेक तिथेच, तोंडात घास असताना, कुणीतरी बोलून जातं.

मेजवानीतली वाइनही साधी बाब नाही. तिथे आठ हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या भांड्यांत वाइनचे अंश सापडले आहेत, आणि जमिनीत पुरलेल्या मोठ्या रांजणात, 'क्वेव्री'त, ती आंबवायची रीत गावोगावी अजून चालू आहे. आता ओतार इओसेलियानी यांचा १९६६ चा चित्रपट बघा. त्याच्या जॉर्जियन नावाचा अर्थ नोव्हेंबर महिना, बाहेर तो 'पानगळ' अशा अर्थाच्या नावाने ओळखला जातो. सुरुवातीला काही मिनिटं कथाच नाही. गावातली माणसं द्राक्षं तोडतात, पायांनी तुडवतात, रांजण घासतात, जेवायला बसतात. मग कट, आणि आपण शहरातल्या सरकारी वाइन कारखान्यात. निको नावाचा भिडस्त तरुण तिथे तंत्रज्ञ म्हणून रुजू झालाय. ४९ नंबरच्या पिंपातली वाइन अजून तयार नाही, पण योजनेचा आकडा गाठायचाय, म्हणून वरून हुकूम येतो की भरा बाटल्यांत. सगळ्यांना माहीत आहे की ती खराब आहे, आणि सगळे म्हणतात, चालायचंच. निको एकटा अडून बसतो. भाषण नाही, क्रांती नाही, एका पिंपावरून हट्ट.

कागदावर ही कारखान्यातल्या गुणवत्तेची गोष्ट आहे आणि सेन्सॉरने तिला नाव ठेवायचं तरी कशावरून? पण जॉर्जियन प्रेक्षकाने पहिल्या काही मिनिटांतले रांजण पाहिलेले असतात. आठ हजार वर्षं जे नीट चाललं होतं ते आकड्यापायी नासवलं जातंय, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. १९६८ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला समीक्षकांचं पारितोषिक मिळालं.

इओसेलियानींचाच १९७० चा चित्रपट, गाणाऱ्या काळ्या पाखराच्या नावाचा, मला जास्त जवळचा वाटतो. गिया हा तिबिलिसीच्या ऑपेरात नगारा वाजवतो. त्याचं काम कार्यक्रमाच्या सुरुवातीला काही ठोके आणि शेवटी काही ठोके. मधल्या वेळात तो गावभर उंडारतो, मित्रांना भेटतो, पोरींच्या मागे जातो, कुणाचं काम करून देतो, आणि शेवटच्या ठोक्याला धापा टाकत बरोब्बर पोचतो. एक दिवस रस्त्यात गाडीखाली येतो. मागे काय उरलं? ओळखीच्या घड्याळजीच्या दुकानात टोपी अडकवायला त्याने ठोकून दिलेली खुंटी. कामगाराच्या घामाचे गोडवे गाणाऱ्या राज्यात, ज्याने काहीच 'उत्पादन' केलं नाही अशा माणसावर इतकं प्रेम करणारा चित्रपट, हे आज कल्पनेने समजून घ्यावं लागतं.

वेल युद्धातही येतो. रेझो च्खेइद्झे यांच्या 'सैनिकाचा बाप' (१९६४) मध्ये म्हातारा शेतकरी गिओर्गी जखमी मुलाला भेटायला इस्पितळात जातो. मुलगा आघाडीवर परत गेलेला. म्हातारा मग स्वतःच सैन्यात शिरतो आणि चालत चालत जर्मनीपर्यंत पोचतो. तिथे सोव्हिएत रणगाडा एका द्राक्षमळ्यावरून जायला निघतो तेव्हा हा बाबा आडवा उभा राहतो. शत्रूचा मळा असला म्हणून काय झालं, वेल तो वेल. सर्गो झाकारियाद्झे या नटाने हा म्हातारा असा उभा केलाय की अधिकृत विजयगाथेच्या मधोमध शेतकरी बसला आणि त्याला कुणी हलवू शकलं नाही.

मधेच एक सोय सांगून ठेवतो. ही नावं वाचताना अडखळत असाल तर शेपटी ओळखा : 'श्विली' म्हणजे अपत्य, 'द्झे' म्हणजे मुलगा. आपल्या 'कर'सारखं. हे पुढे एका ठिकाणी कामाला येईल.

ऑफिस हा दुसरा आवडता विषय. १९२९ मध्येच कोते मिकाबेरिद्झे यांनी 'माझी आजी' हा मूकपट केला. यात कुणाची सख्खी आजी नाही, 'आजी' म्हणजे तेव्हाच्या बोलीत वशिला. नोकरीवरून हाकललेला कारकून नव्या वशिल्याच्या शोधात निघतो, भल्यामोठ्या गोल टेबलाभोवती बसलेले साहेब खेळण्यातल्या गाड्या चालवत असतात. चित्रपट काही दशकांसाठी फडताळात गेला. पुढे १९८३ मध्ये एल्दार शेंगेलाया यांनी 'निळे डोंगर' केला, आणि माझ्या मते सोव्हिएत काळावर केलेला याहून नेमका विनोद दुसरा नाही. सोसो नावाचा लेखक आपलं हस्तलिखित प्रकाशनगृहात घेऊन येतो. सगळे त्याचं स्वागत करतात, चहा होतो, गप्पा होतात, बाडाची एक एक प्रत प्रत्येकाच्या टेबलावर जाते आणि कुणीही ते वाचत नाही. सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे आपण म्हणतो, इथे ते शब्दशः घडतं. पानगळ होते, बर्फ पडतं, वसंत येतो, सोसो जिने चढतच असतो. लिफ्ट बंद आहे. भिंतीला तडे जातायत. डोक्यावर ग्रीनलंडचं एक अवजड चित्र टांगलंय, ते कधीतरी पडणार म्हणून एक जण रोज तक्रार करतो. शेवटी इमारतच पडते. मंडळी नव्या इमारतीत जातात आणि तिथे पुन्हा तेच सुरू होतं. आठ वर्षांनी सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा हा चित्रपट आठवला नाही असा जॉर्जियन विरळाच असेल.

नवख्याने इथून सुरुवात करावी. तेंगिझ अबुलाद्झे यांच्या १९६७ च्या 'विनवणी'पासून मुळीच करू नये. वाझा-प्शावेला या कवीच्या कवितांवरचा तो काळा-पांढरा चित्रपट फार मोठा आहे, पण पहिल्याच दिवशी सिंहगड उलट्या बाजूने चढण्यातला प्रकार होईल.

अबुलाद्झेंकडे यायचं ते 'पश्चात्ताप'साठी. इथे जरा थांबू या, कारण इथे सून बदलते.

एका गावाचा महापौर वार्लाम मरतो. थाटात दफन होतं. दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत मुलाच्या बागेत झाडाला टेकून उभं. पुन्हा पुरतात, पुन्हा उकरलं जातं. शेवटी पकडली जाते ती केक करणारी एक बाई, केतेवान. कोर्टात ती म्हणते, होय, मीच उकरलं, आणि जोवर जिवंत आहे तोवर उकरत राहीन. का, ते ती सांगते. ती लहान असताना या वार्लामने तिच्या चित्रकार बापाला आणि आईला गिळलं. वार्लामची मिशी हिटलरची, नाकावरचा चष्मा स्टालिनच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया याचा, शिपाई मध्ययुगीन चिलखतातले. काळ कुठला, गाव कुठलं, काही पत्ता लागू नये अशी तजवीज. आडनाव 'अराविद्झे'. 'अराविन' म्हणजे कुणीही नाही. कुणाचाच नसलेल्याचा मुलगा.

एक प्रसंग विसरता येत नाही. रेल्वेच्या यार्डात दूरच्या छावण्यांतून लाकडाचे ओंडके आलेत. बातमी अशी की कैदी ओंडक्यांच्या टोकांवर आपली नावं कोरतात. बायका चिखलात ओंडक्यामागून ओंडका तपासत फिरतात. एकीला नाव सापडतं, ती त्या लाकडाला गाल लावून बोलत राहते. बाकी चित्रपटात रूपकं भरपूर आहेत, काही जड झालेलीही. हा प्रसंग मात्र एकदम सरळ आहे.

स्टालिन गोरीचा, बेरियाही जॉर्जियनच. मॉस्कोवर बोट दाखवणं जॉर्जियन माणसाला सोपं होतं, पण हा राक्षस घरातला होता. शिवाय १९५६ च्या मार्चमध्ये, ख्रुश्चेव्हने स्टालिनवर टीका केल्यावर, तिबिलिसीतले तरुण स्टालिनच्या बाजूने रस्त्यावर उतरले होते आणि त्यांच्यावर गोळ्या चालल्या होत्या. इतका गुंता. म्हणून चित्रपटातला खरा प्रश्न वार्लामचा नाहीच, त्याच्या मुलाचा आहे. तो म्हणतो, काळच तसा होता, बाबांनी स्वतः कुणाला मारलं नाही. बाप आणि मुलगा दोन्ही भूमिका अवतान्दिल माखाराद्झे या एकाच नटाने केल्यात. नातवाला आजोबांचं खरं कळतं तेव्हा तो स्वतःला संपवतो, आणि मग मुलगा आपल्या हाताने बापाचं प्रेत उकरून कड्यावरून फेकतो.

चित्रपट १९८४ मध्ये तयार झाला तो एदुआर्द शेवर्दनाद्झे यांच्या आशीर्वादाने. तेव्हा ते जॉर्जियाच्या कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख होते. युक्ती अशी की चित्रपट जॉर्जियन टीव्हीच्या नावावर केला, कारण स्थानिक टीव्हीसाठी मॉस्कोची परवानगी लागत नव्हती. चित्रीकरण चालू असताना नातवाची भूमिका करणारा तरुण नट १९८३ च्या विमान अपहरणात अपहरणकर्ता म्हणून पकडला गेला, त्याला पुढे मृत्युदंड झाला, आणि प्रसंग दुसऱ्या नटाला घेऊन पुन्हा चित्रित करावे लागले. मग फडताळ. गोर्बाचेव्ह आल्यावर, १९८७ मध्ये, तो सगळ्या सोव्हिएत संघात लागला आणि त्याच वर्षी कानमध्ये ज्यूरीचं मोठं पारितोषिक मिळालं.

नायिकेच्या नावावरून एक आपल्याकडची गोष्ट. केतेवान ही जॉर्जियाची राणी आणि संत. १६२४ मध्ये शिराझला तिचा छळ करून वध झाला आणि ऑगस्टिनियन साधूंनी तिचे अवशेष गोव्याला आणले. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीनच्या पडक्या चर्चमध्ये उत्खननात एक हाड मिळालं, हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासला गेला, आणि २०२१ मध्ये भारताने त्या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला दिला. जमिनीतून माणूस उकरून काढणं या गोष्टीला त्या देशात किती वजन आहे, याचा अंदाज मला चित्रपटाइतकाच या बातमीने आला.

'पश्चात्ताप'चा शेवट एका म्हातारीवर होतो. ती खिडकीतल्या केतेवानला विचारते, हा रस्ता चर्चकडे जातो का? उत्तर येतं, नाही, हा वार्लामचा रस्ता आहे. म्हातारी म्हणते, मग जो चर्चकडे जात नाही तो रस्ता काय कामाचा? आणि चालू लागते.

ही म्हातारी कोण? रंगभूमीची सम्राज्ञी वेरिको अन्जापारिद्झे. तिचा नवरा मिखाइल चियाउरेली, म्हणजे 'शपथ' (१९४६) आणि 'बर्लिनचा पाडाव' हे स्टालिनला देवत्व देणारे चित्रपट करणारा दिग्दर्शक. त्यांची मुलगी सोफिको, जॉर्जियन पडद्यावरची बहुधा सर्वांत मोठी नटी. आता दुसरं घर घ्या. नुत्सा गोगोबेरिद्झे ही जॉर्जियाची पहिली स्त्री दिग्दर्शक. १९३० मध्ये तिने 'बुबा' हा डोंगरातल्या लोकांवरचा माहितीपट केला, पुढे 'उझमुरी' हा कथापट. १९३७ मध्ये तिला पकडलं, नवऱ्याला गोळी घातली, तिला दहा वर्षं छावणीत घालवावी लागली. परतल्यावर तिने कॅमेऱ्याला हात लावला नाही, आणि तिचे चित्रपट हरवले ते अगदी अलीकडे मॉस्कोच्या संग्रहात सापडले. तिची मुलगी लाना हीसुद्धा दिग्दर्शक झाली. लानाने १९७८ मध्ये एक चित्रपट केला. वर्तमानपत्रात काम करणारी बाई इतर बायकांच्या मुलाखती घेत हिंडते, स्वतःचा संसार विस्कटत असतो, आणि मधूनच तिला छावणीतून परतलेली आई आठवते. ती बाई पडद्यावर साकारली सोफिको चियाउरेलीने. स्टालिनचे पोवाडे रचणाऱ्याची मुलगी, स्टालिनच्या छावणीतून आलेल्या बाईच्या मुलीच्या चित्रपटात, त्याच मुलीची भूमिका करते. जॉर्जियन सिनेमा हा असा चार घरांचा वाडा आहे, भिंती सामायिक. सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असल्यावर कुणी तोंडावर बोलत नाही.

१९९१ मध्ये स्वातंत्र्य आलं. आता सरळ बोलायला हरकत नव्हती, पण बोलायला फिल्मच उरली नाही. राजधानीत यादवी, अबखाझियात युद्ध, दोन लाखांहून जास्त विस्थापित, वीज नाही, पाव घ्यायला रांगा. त्या दशकात थोडेच चित्रपट झाले. नवी पिढी उभी राहायला २०१० उजाडावं लागलं, आणि तिच्यात बायका मोठ्या संख्येने आहेत. नाना एक्वतिमिश्विली आणि सिमोन ग्रोस यांचा २०१३ चा चित्रपट १९९२ च्या तिबिलिसीतल्या दोन चौदा वर्षांच्या मैत्रिणींचा. एकीला एक मुलगा पिस्तूल देतो. तिला पुढे दुसराच एक जण पावाच्या रांगेतून उचलून नेतो आणि लग्न लावतो, आणि रांगेतली माणसं बघत राहतात. लग्नात तिची मैत्रीण एकाएकी उठून पुरुषांनी करायचा नाच नाचते. चेहऱ्यावर हसू नाही. पाहुणे टाळ्या वाजवतात, त्यांना वाटतं आनंदाने नाचतेय. पिस्तूल शेवटपर्यंत उडत नाही, ते तळ्यात जातं.

याच जोडीच्या २०१७ च्या चित्रपटात बावन्न वर्षांची शिक्षिका मनाना वाढदिवसाच्या सुमारास सांगते की मी हे घर सोडून एकटी राहणार. मारहाण नाही, सवत नाही. आई, नवरा, भाऊ, मामे-चुलत सगळे जमून विचारतात, पण का? ती सांगत नाही. बाहेर भाड्याच्या खोलीत ती खिडकी उघडून केक खाते, एवढंच. सून आता मॉस्कोत नाही, दिवाणखान्यात बसलीय. म्हणून मनाना गप्प.

सरळ बोलण्याची मुभाही पक्की राहिलेली नाही. २०२२ मध्ये सरकारने राष्ट्रीय चित्रपट केंद्राच्या संचालकाला काढलं, आणि पुढे बऱ्याच दिग्दर्शकांनी त्या केंद्रावर बहिष्कार टाकला. त्याच्या थोडं आधी, २०२१ मध्ये, सालोमे जाशी यांचा माहितीपट आला होता. देशातला सर्वांत श्रीमंत माणूस, माजी पंतप्रधान बिदझिना इवानिश्विली, आपल्या बागेसाठी गावागावांतून जुनी अवाढव्य झाडं मुळासकट विकत घेतो. झाड न्यायला रस्ता पुरत नाही म्हणून वाटेतली दुसरी झाडं तोडतात, विजेच्या तारा सोडवतात. निवेदन नाही, मुलाखती नाहीत, मालक एकदाही पडद्यावर येत नाही. रात्री ट्रक हलतो तेव्हा गाव मागून चालत येतं, कुणी मोबाइलवर चित्रण करतंय, एखादी म्हातारी डोळे पुसतेय. आणि मग सकाळी, शांत काळ्या समुद्रावर, एका तराफ्यावर ते झाड फांद्यापानांसकट उभंच्या उभं पुढे सरकत जातं.